लिडलपूलचा अकाउंटंट

२०२४-२५ च्या मोसमात मोहम्मद सालाह एकेक गोल ठोकत लिव्हरपूलच्या सर्वकालीन गोल करणाऱ्यांच्या यादीत वर सरकत होता. ती यादी तेव्हा सारखी डोळ्यांसमोर यायची. इयन रश ३४६, रॉजर हंट २८५, गॉर्डन हॉजसन २४१, बिली लिडल २२८... सालाहने आधी लिडलला मागे टाकलं, मग हॉजसनला. रश आम्हाला माहीत. हंट १९६६ च्या वर्ल्ड कपमुळे माहीत. पण हा लिडल कोण? आमच्या ग्रुपवर स्वतःला कट्टर लिव्हरपूलवाले म्हणवणारे सात-आठ जण आहेत (मी धरून). एकालाही धड सांगता येईना. मग त्या शनिवार-रविवारी मी जरा खोदकाम केलं आणि अडकलोच.

अडकायचं कारण फुटबॉल नव्हतं खरं तर. कारण हे, की हा माणूस अकाउंटंट होता. म्हणजे आधी अकाउंटंट आणि मग फुटबॉलर, किंवा फुटबॉल सुटल्यावर अकाउंटंट, असं नाही. एकाच वेळी दोन्ही! सोमवार ते शुक्रवार ऑफिसात ताळेबंद जुळवायचे आणि शनिवारी दुपारी अॅनफिल्डवर चाळीस हजार लोकांसमोर डाव्या बगलेतून सुसाट सुटायचं. हे त्याने अख्ख्या कारकिर्दीभर केलं. आपल्याकडे मध्यंतरी मूनलाइटिंगवरून केवढी चर्चा झाली होती ना? या माणसाच्या बाबतीत मूनलाइटिंग नक्की कशाला म्हणायचं, तेच मला अजून कळलेलं नाही.

तर सुरुवातीपासून.

विल्यम बेव्हरिज लिडल. जन्म १० जानेवारी १९२२, स्कॉटलंडमधल्या फाइफ परगण्यात, डन्फर्मलिन शहराजवळच्या टाउनहिल नावाच्या गावी. हे कोळशाच्या खाणीचं गाव. वडील खाणीत कामाला. अशा गावातल्या पोरांपुढे तेव्हा साधारण दोन रस्ते असायचे. एक खाणीत उतरणारा आणि दुसरा, पायात जादू असेल तर, फुटबॉलच्या मैदानावर जाणारा. स्कॉटलंडचे कितीतरी मोठे खेळाडू आणि मॅनेजर याच कोळशाच्या पट्ट्यांतून आले. मॅट बस्बी, बिल शँकली, जॉक स्टीन, तिघेही खाणगावचे. लिडलच्या घरच्यांनी मात्र तिसरा रस्ता काढला. पोरगा अभ्यासात हुशार होता, आकडेमोडीत चांगला होता. त्यांना त्याला पांढरपेशा नोकरीत बघायचं होतं.

पोरगा खेळतोय चांगला ही बातमी लिव्हरपूलपर्यंत पोचवली ती बस्बीने. हो, तोच मॅट बस्बी, पुढे मँचेस्टर युनायटेडचा दैवत झालेला. तेव्हा तो लिव्हरपूलकडून खेळत होता. त्याने मॅनेजर जॉर्ज के यांच्या कानावर घातलं आणि १९३८ साली सोळा वर्षांचा लिडल लिव्हरपूलला आला. पण घरच्यांनी अट घातली. पोराचं अकाउंटन्सीचं शिक्षण थांबता कामा नये, क्लबने त्याची तशी सोय लावून द्यावी. क्लबने लावून दिली.

ही अट मला फार आवडली. विचार करा, इंग्लंडमधल्या नावाजलेल्या क्लबची ऑफर घरात आलीय आणि आई-वडील म्हणतायत, ते सगळं ठीक आहे हो, पण परीक्षेचं काय? एकदम आपल्या घरातला सीन वाटतो. "खेळ खेळ, पण डिग्री घे" हे वाक्य न ऐकता मोठा झालेला मराठी मुलगा मला तरी भेटलेला नाही. फरक इतकाच की आपल्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत डिग्री राहते आणि खेळ सुटतो.

एप्रिल १९३९ मध्ये तो व्यावसायिक खेळाडू झाला आणि सप्टेंबरात महायुद्ध सुरू झालं. लीग बंद. पोरगा सतरा वर्षांचा. पुढची सहा-सात वर्षं, म्हणजे खेळाडूच्या अंगात सगळ्यात जास्त वीज असते तो काळ, युद्धाने खाल्ला. लिडल रॉयल एअर फोर्समध्ये नेव्हिगेटर झाला. (इथेही आकडेमोडच!) अधूनमधून युद्धकाळातल्या मॅचेस व्हायच्या, त्यात तो खेळायचा. एप्रिल १९४२ मध्ये ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर स्कॉटलंडने इंग्लंडला ५-४ असं हरवलं, त्यात त्याचा गोल होता. त्याच स्कॉटिश संघात बिल शँकलीही होता. हे नाव लक्षात ठेवा, शेवटाकडे परत येणार आहे.

पण त्या मॅचेस अधिकृत धरत नाहीत. त्यामुळे लिव्हरपूलच्या वहीत त्याचं पदार्पण लागलंय थेट जानेवारी १९४६ मध्ये, चेस्टरविरुद्ध एफए कपमध्ये. करारावर सही केल्याला जवळपास सात वर्षं झाल्यावर. मॅचमध्ये गोलही केला. लीगमधली पहिली मॅच सप्टेंबर १९४६ मध्ये चेल्सीविरुद्ध. ती लिव्हरपूलने ७-४ अशी जिंकली. लिडलचे दोन गोल, आणि त्यातला एक थेट कॉर्नरवरून! चोवीस वर्षांचा झाला होता तो.

त्या १९४६-४७ मोसमाची एक वेगळीच गंमत आहे. युद्ध संपलं होतं पण रेशनिंग चालू होतं. मोसमाआधी जॉर्ज के यांनी टीम अमेरिकेच्या दौऱ्यावर नेली आणि त्यामागे एक साधा हिशोब होता. तिकडे पोरांना पोटभर मटण, दूध मिळेल. न्यूट्रिशन कन्सल्टंट वगैरे शब्द जन्मायच्या आधीची ही गोष्ट. मग त्या हिवाळ्यात ब्रिटनमध्ये एवढं बर्फ पडलं की मॅचेस पुढे ढकलत ढकलत मोसम जूनमध्ये गेला. ३१ मे ला लिव्हरपूलने वुल्व्हज् ला त्यांच्याच मैदानावर २-१ हरवलं आणि आपल्या सगळ्या मॅचेस संपवल्या. पण स्टोकची एक मॅच शिल्लक, ती स्टोकने जिंकली तर विजेतेपद स्टोकचं. दोन आठवडे नुसतं थांबायचं! १४ जूनला शेफील्डमध्ये स्टोक हरलं, आणि लिव्हरपूल विजेते झाले. ही बातमी आली तेव्हा लिव्हरपूलवाले एव्हर्टनविरुद्ध एका स्थानिक कपची फायनल खेळत होते.

त्या मोसमात लिव्हरपूलचे मुख्य गोल जॅक बामर आणि अल्बर्ट स्टबिन्सचे. (हा स्टबिन्स बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'च्या कव्हरवर आहे, शोधून बघा.) लिडल बगलेत. पण याच काळात, १० मे १९४७ रोजी, हॅम्पडनवर ग्रेट ब्रिटन विरुद्ध उर्वरित युरोप अशी एक मॅच झाली. ब्रिटिश संघटना फिफामध्ये परत आल्या त्याचा सोहळा. सव्वा लाखाहून जास्त प्रेक्षक, ब्रिटनने ६-१ जिंकली. उजव्या बगलेत स्टॅनली मॅथ्यूज, डाव्या बगलेत आपला अकाउंटंट.

आता पैशाचं बोलू. कारण खरी गोष्ट तिथे आहे.

इंग्लिश लीगमध्ये तेव्हा कमाल वेतनाचा नियम होता. किमान नव्हे, कमाल! कुठल्याही क्लबने कुठल्याही खेळाडूला ठरावीक आकड्याच्या वर द्यायचं नाही. १९४७ मध्ये हा आकडा आठवड्याला १२ पौंड होता, उन्हाळ्यात १०. वाढत वाढत १९५८ साली २० पौंडांवर आला. मॅथ्यूज असो वा काल आलेला पोरगा, याच्या वर कोणी नाही. युद्धानंतर लगेच हा पगार सामान्य कामगाराच्या मानाने बरा होता, पण पन्नासच्या दशकाच्या अखेरीस तो फार काही वरचढ उरला नव्हता. आणि मैदानं तर खचाखच भरत होती. ते पैसे कुठे जात होते हा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तसा तो खेळाडूंनाही पडत होता.

याच्या जोडीला दुसरा नियम. करार एकेका वर्षाचा, पण वर्ष संपलं म्हणून खेळाडू मोकळा नाही. क्लबने त्याचं नाव 'राखलेल्या' यादीत टाकलं की झालं. त्याने नवीन करारावर सही केली नाही तर क्लब त्याला पगार देणार नाही, आणि दुसरीकडे खेळूही देणार नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर बाँड, पण तारीख नसलेला. पहिल्या नोकरीत मी दोन वर्षांच्या बाँडवर सही केली होती (कंपनीचं नाव राहू दे) आणि मधेच सोडायची वेळ आली तेव्हा रिलीव्हिंग लेटरसाठी चार महिने एचआरच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. ते दिवस आठवले तरी पित्त खवळतं. इथे तर माणसाची पूर्ण कारकीर्द, जी जेमतेम पंधरा वर्षांची, क्लबच्या कपाटात बंद.

म्हणून लिडलबद्दल वाचताना 'निष्ठा' हा शब्द सारखा येतो तेव्हा मी जरा अडखळतो. लिव्हरपूल सोडून तो कुठे गेला नाही हे खरं. पण जायचं म्हटलं तर दार किती उघडं होतं? आणि गेला असता तरी पगार तेवढाच! दुसऱ्या क्लबमध्येही तेच १२, तेच १५ पौंड.

एकदा मात्र दार खरोखर उघडलं होतं. १९५० मध्ये.

ते वर्षच विचित्र होतं. त्या वर्षी ब्राझीलमध्ये वर्ल्ड कप. ब्रिटनमधल्या चार देशांच्या स्पर्धेतून पहिल्या दोन संघांना प्रवेश मिळणार होता. स्कॉटिश फुटबॉल संघटनेने आधीच जाहीर करून टाकलं की आम्ही पहिले आलो तरच जाऊ. १५ एप्रिलला हॅम्पडनवर इंग्लंडने त्यांना १-० हरवलं. स्कॉट्सच्या विली बॉल्डचा फटका गोलच्या आडव्या दांड्यावर आदळून परत आला. तो चार बोटं खाली असता तर? इंग्लंडचा कप्तान बिली राइट आपणहून स्कॉटलंडच्या जॉर्ज यंगला म्हणाला, तुमच्या लोकांशी बोल, तुम्हीही चला. यंग बोलला. संघटना हटली नाही. लिडल त्या मॅचमध्ये डाव्या बगलेत होता. दुसऱ्या क्रमांकाचं तिकीट हातात असून वर्ल्ड कप गेला, आणि परत ती संधी त्याला मिळाली नाही. (त्याच वर्ल्ड कपला आपणही गेलो नव्हतो, ते तुम्हाला माहीतच असेल. अनवाणी खेळायला बंदी होती म्हणून वगैरे जी कथा सांगतात, त्यात फारसा दम नाही. तो वेगळ्या लेखाचा विषय.)

दोनच आठवड्यांनी, २९ एप्रिलला, वेम्बलीवर एफए कपची फायनल. लिव्हरपूल विरुद्ध आर्सेनल. सेमीफायनलमध्ये एव्हर्टनला २-० हरवलं होतं, त्यात एक गोल बॉब पेझलीचा, एक लिडलचा. फायनलला पेझलीला वगळलं! आणि आर्सेनलने लिडलला रोखायचं काम दिलं अॅलेक्स फोर्ब्जला, जो त्या हॅम्पडनच्या मॅचमध्ये स्कॉटलंडकडून त्याच्याच बरोबर खेळला होता. फोर्ब्जने देशबांधवाची अजिबात गय केली नाही, चांगला हाणला. आर्सेनल २-० जिंकलं. आर्सेनलचा कप्तान जो मर्सर तर लिव्हरपूलच्या जवळच राहायचा आणि आठवडाभर सराव अॅनफिल्डवरच करायचा. घरचाच माणूस कप उचलून घेऊन गेला म्हणायचं.

आणि मग उन्हाळ्यात कोलंबियाची माणसं आली. कोलंबियातली लीग तेव्हा फिफाच्या बाहेर होती, म्हणजे तिथे जायला कुठल्या क्लबचं रिलीव्हिंग लेटर लागत नव्हतं. पैसे खुळ्यासारखे. मँचेस्टर युनायटेडचा डावा विंगर चार्ली मिटन गेला, त्याला नुसत्या सहीचे ५,००० पौंड देऊ केल्याचं सांगतात. इंग्लंडचा सेंटर-हाफ नील फ्रँकलिन गेला. लिडललाही विचारणा झाली. आकडा डोक्यात घ्या. इकडे आठवड्याला १२ पौंड धरले तर वर्षाचे सहाशेच्या आसपास. म्हणजे ५,००० पौंड ही आठ वर्षांची कमाई झाली. एका सहीत!

लिडल नाही म्हणाला.

पुढे काय झालं ते बघता त्याचा निर्णय शहाणपणाचा ठरला. फ्रँकलिन काही आठवड्यांत परत आला, त्याच्यावर बंदी आली, इंग्लंडकडून तो पुन्हा कधीच खेळला नाही. मिटन वर्षभर राहून आला, दंड भरला, सहा महिने बाहेर बसला आणि बस्बीने त्याला विकून टाकलं. पण हे नंतर कळलं. १९५० च्या उन्हाळ्यात अठ्ठावीस वर्षांच्या लिडलला ते कुठे माहीत होतं? मला वाटतं, तेव्हा त्याच्या बाजूने एकच गोष्ट होती, जी मिटनकडे आणि फ्रँकलिनकडे नव्हती. सोमवारी सकाळी जायला टेबल होतं. घोटा मोडला, क्लबने काढलं, पस्तिशी आली, तरी घर चालणार होतं. आठ वर्षांची कमाई एका सहीत घ्यायची घाई अशा माणसाला नसते. त्याची 'निष्ठा' खोटी होती असं मला म्हणायचं नाही. तो खरंच तसा होता. दारू नाही, सिगारेट नाही, चर्चमध्ये प्रवचन द्यायचा, पोरांच्या क्लबांत जायचा, मैदानातून कधी बाहेर काढला गेला नाही, १९५८ मध्ये शहराने त्याला मानद न्यायाधीश केलं. पण निष्ठा परवडावी लागते, आणि त्याला ती अकाउंटन्सीमुळे परवडत होती.

आपल्याकडे क्रिकेटपटू बँकांत नोकऱ्या करायचेच की, असं कोणी म्हणेल. वाडेकर स्टेट बँकेत होते वगैरे. पण त्या नोकऱ्या बऱ्याचदा क्रिकेटमुळे मिळायच्या. लिडलची नोकरी फुटबॉलमुळे नव्हती, उलट फुटबॉल त्या नोकरीच्या वेळा सांभाळून चालायचा. बाकीचे रोज सरावाला, हा आठवड्यातले मोजके दिवस.

पन्नासच्या दशकात लिव्हरपूल घसरत गेलं. १९५३-५४ ला तळाला, थेट सेकंड डिव्हिजनमध्ये. लिडल बत्तीस वर्षांचा. क्लबने त्याला आता सेंटर-फॉरवर्डला आणलं आणि पठ्ठ्याने पहिल्याच मोसमात लीगमध्ये ३० गोल केले! संघ मात्र अकरावा. डिसेंबर १९५४ मध्ये बर्मिंगहॅमकडून ९-१ असा दारुण पराभव झाला, आजही तो क्लबचा सर्वात मोठा पराभव आहे. त्यातला तो 'एक' कोणाचा असेल? बरोबर. लोक क्लबला 'लिडलपूल' म्हणायला लागले ते उगाच नाही. कौतुक होतंच, पण त्यात थोडी व्यथाही होती, कारण दहा जण मिळून एका माणसाच्या जिवावर उभे आहेत हे सगळ्यांना दिसत होतं.

ऑगस्ट १९५५ मध्ये बेलफास्टला पुन्हा ब्रिटन विरुद्ध युरोप मॅच झाली. १९४७ च्या आणि या, दोन्ही मॅचेसमध्ये खेळलेले खेळाडू दोनच. मॅथ्यूज आणि लिडल. लिडल तेव्हा सेकंड डिव्हिजनचा खेळाडू होता. ब्रिटन ४-१ हरलं, ते जाऊ द्या.

मग फेब्रुवारी १९५६. एफए कप, मँचेस्टर सिटीविरुद्ध रिप्ले, अॅनफिल्ड. सिटी २-१ पुढे, शेवटचे क्षण. लिडल चेंडू घेऊन सुटतो आणि गोल! मैदान वेडं झालं. पण रेफ्री मर्व्हिन ग्रिफिथ्सनी त्याआधीच शिट्टी वाजवली होती, मॅच संपली होती. गोंगाटात ती कोणाला ऐकूच गेली नव्हती. सिटीने त्या वर्षी कप जिंकला. लिडलने वाद घातला नाही.

सेकंड डिव्हिजनमधून वर यायला दोन संघांना वाव. लिव्हरपूलचे क्रमांक १९५६ पासून बघा. तिसरे, तिसरे, चौथे, चौथे, तिसरे, तिसरे. कोणाची दृष्ट लागावी असंच! यातली बहुतेक वर्षं लिडलची. जानेवारी १९५९ मध्ये त्याला वगळून लिव्हरपूल वूस्टर सिटी नावाच्या लीगबाहेरच्या संघाशी कपमध्ये खेळलं आणि हरलं. त्या वर्षाच्या डिसेंबरात नवे मॅनेजर आले, बिल शँकली. १९४२ चा जोडीदार आता साहेब. लिडल अडतीसचा होत होता. शेवटची मॅच ३१ ऑगस्ट १९६०, घरच्या मैदानावर साउदॅम्प्टनविरुद्ध. एकूण ५३४ मॅचेस, २२८ गोल. सप्टेंबरात त्याच्यासाठी निरोपाची मॅच ठेवली, तिला जवळपास ३९ हजार लोक आले.

आता तारखा बघा. जानेवारी १९६१, म्हणजे चारच महिन्यांनी, कमाल वेतनाचा नियम रद्द झाला. खेळाडूंनी संपाची धमकी दिली तेव्हा कुठे. फुलहॅमच्या जॉनी हेन्सचा पगार आठवड्याला २० वरून थेट १०० पौंड! १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टहॅमने न्यूकॅसलविरुद्धची केस जिंकली आणि त्या 'राखलेल्या' यादीचा जाच बराच सैल झाला. लिडलला यातलं काहीच मिळालं नाही. तो लिव्हरपूल विद्यापीठात सहायक बर्सार, म्हणजे हिशेब-तिजोरीच्या खात्यातला अधिकारी, म्हणून काम करत होता. आदल्या महिन्यात मॅच खेळलेला माणूस फाइलवर सही करतोय. खेळ सुटल्यावर कित्येकांचं जे व्हायचं, पब काढणे, पब बुडणे, जुन्या मेडल्स विकणे, त्यातलं त्याच्या वाट्याला काही आलं नाही. ३ जुलै २००१ रोजी, दीर्घ आजारानंतर, तो गेला.

त्याच्या कारकिर्दीच्या अखेरीस, एप्रिल १९६० मध्ये, उजव्या बगलेत एक अठरा वर्षांचा पोरगा पहिल्यांदा उतरला होता. इयन कॅलाहन. लोक म्हणायला लागले, लिडलची जागा हा घेणार. कॅलाहन १९७८ पर्यंत खेळला, ८५७ मॅचेस, पाच वेळा लीग जिंकली, दोनदा युरोपियन कप. १९७२ मध्ये त्याने मॅचेसच्या आकड्यात लिडलला मागे टाकलं, तेव्हा विद्यापीठातले साहेब पन्नास वर्षांचे होते आणि ऑफिसात नियमित येत होते.